राजधानी बघायला चला!

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीआधी मी वर्गात एक निबंध लिहायला दिला होता. विषय सोपाच होता, ‘मला कोणतं शहर बघायला आवडेल?’ आमची शाळा नवीन जालन्यात, वर्ग चौथीचा. वह्या तपासायला घेतल्या आणि मला जगप्रवासच घडला! सात जणांना लंडनला जायचं होतं, पाच जणांना पॅरिसला. एकानं तर ‘प्राग’ लिहिलं होतं. कुठून कळलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "बाई, टीव्हीवर पाहिलं. ती जुनी राजधानी आहे. डोंगरावर किल्ला आहे आणि खाली गाव."

मी म्हटलं, "छान! मग अशीच डोंगरावर किल्ला असलेली जुनी राजधानी आपल्या जवळपास कुठं आहे?"

वर्ग एकदम गप्प. मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "मुंबई?"

तुम्ही हसलात ना? पण तुम्ही तरी सांगा बरं! जालन्याहून साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद. तिथून वेरूळच्या रस्त्याला पंधरा किलोमीटर गेलं की उजाड माळावर एकच सुळक्यासारखा डोंगर उभा दिसतो. तोच देवगिरी. नंतरच्या काळात त्याचं नाव दौलताबाद झालं. "कोणी कोणी पाहिलाय?" म्हणून हात वर करायला सांगितले, तर अडतीस मुलांत सहा हात!

घरी येऊन हे सांगायला लागले, तर घरातही तीच गत. मुलांच्या बाबांनी लहानपणी पाहिलेला, त्यातलं आठवत काही नव्हतं. थोरली सहावीत आणि धाकटा दुसरीत. दोघांनी पाहिला होता तो फक्त पुस्तकातल्या चित्रात. आणि आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हळूच म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली जालन्यात येऊन. जनार्दनस्वामींचं ठिकाण आहे म्हणतात तिथं. जायचं जायचं म्हणता गुडघेच गेले माझे."

जनार्दनस्वामी म्हणजे संत एकनाथांचे गुरू. ते देवगिरीचे किल्लेदार होते. लहानगे एकनाथ पैठणहून त्यांच्याकडे शिकायला आले ते याच किल्ल्यावर. आपल्या अभंगांत एकनाथांनी आपल्या नावाला गुरूंचं नाव कायमचं जोडून टाकलं. आई रोज संध्याकाळी ते अभंग म्हणतात. ज्यांचं नाव रोज घ्यायचं, त्यांचं ठिकाण दीडदोन तासांवर, आणि पाहिलेलं नाही!

मग ठरलं. थोरलीनं एक वही काढली आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘राजधानीची सहल’.

पहिला प्रश्न आला, एका दिवसात काय काय बघायचं? मुलांच्या बाबांनी भराभर यादी सांगितली. देवगिरी, वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, खुलताबाद, येताना पाणचक्की आणि बीबी का मकबरा. मी सरळ नाही म्हटलं. त्याला कारण आहे, आणि ते तुम्हाला सांगायला मला थोडी लाजच वाटते. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीचं वेळापत्रक मीच आखलं होतं. एका दिवसात पाच ठिकाणं! देवगिरीला आम्ही पोचलो भर दुपारी, चाळीस मिनिटं हातात घेऊन. चांदमिनारापाशी फोटो काढला आणि परत फिरलो. बसमध्ये एक मुलगी रडायला लागली. पोट दुखतंय का विचारलं, तर म्हणाली, "बाई, तो अंधाराचा रस्ता दाखवणार होतात ना?" मी तिला काय उत्तर देणार? ती आता माध्यमिक शाळेत गेली. म्हणून या वेळी एक दिवस, एकच जागा. वेरूळ पुन्हा कधीतरी. (तुम्ही वेरूळचा बेत केलात तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.)

दुसरी गोष्ट म्हणजे महिना. मराठवाड्यातलं ऊन तुम्हाला माहीत आहेच. मे महिन्यात त्या काळ्या खडकावर पाय ठेवायचा म्हणजे तव्यावर ठेवल्यासारखं. आम्ही डिसेंबरातला रविवार धरला.

तिसरी गोष्ट खर्चाची. इथं मात्र आमची चैन होती. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आई, मी आणि थोरली तिघी अर्ध्यात. धाकट्यालाही अर्धं. पूर्ण तिकीट एकट्या बाबांचं! किल्ल्याचं तिकीट असतं, पण पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना ते नसतं. धाकट्यानं हिशेब करून जाहीर केलं, "सगळ्यात महाग बाबाच आहेत."

पण वही अडली ती चौथ्या प्रश्नावर. आईंचं काय? माथ्यावर जायला साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत म्हणतात. आई म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी राहते घरी." थोरलीनं वही मिटली आणि म्हणाली, "मग सहलच नको."

दोन दिवस वही तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी तिनं कागदावर किल्ल्याचा नकाशा काढला. माझ्याजवळच्या पुस्तकांतून आणि मागच्या वेळी मी जेवढं पाहिलं होतं त्यावरून मी तिला सांगत गेले. देवगिरीला एकाच्या आत एक असे तट आहेत. सगळ्यात बाहेरचा अंबरकोट, मग महाकोट, मग काळाकोट, आणि मधोमध डोंगर. महाकोटाच्या दरवाजातून आत गेलं की तोफा मांडून ठेवलेल्या दिसतात. पुढे दगडी फरसबंदीची वाट. वाटेत सरस्वती विहीर, मग हत्ती हौद. हत्ती पोहावेत एवढा मोठा, म्हणून हत्ती हौद. त्याच्याजवळ भारतमाता मंदिर आणि समोर चांदमिनार. इथवरची वाट बरीचशी सपाट. थोरलीनं तिथं लाल पेन्सिलीनं गोल केला आणि लिहिलं, ‘आजीची जागा’. त्यापुढे, काळाकोटाच्या पलीकडे, चढण सुरू होते.

"आणि स्वामींचं ठिकाण?" आईंनी विचारलं.

ते माथ्याजवळ, गुहेत. थोरली जरा वेळ नकाशाकडे बघत बसली. मग म्हणाली, "आजी, तू तुळस दे. मी नेऊन ठेवीन."

हे म्हणणं सोपं नव्हतं बरं का! कारण वर जायच्या वाटेवर ‘अंधेरी’ आहे, आणि आमची थोरली रात्री दिवे गेले तर पाणी प्यायलाही उठत नाही.

निघायच्या आधीचे आठ-दहा दिवस रोज रात्री जेवताना देवगिरीच्या गोष्टी व्हायच्या. कुठंही जायचं तर त्या जागेची गोष्ट आधी ठाऊक हवी, नाहीतर दगड ते दगडच. यादवांचा राजा पाचवा भिल्लम यानं ११८७ च्या सुमारास इथं राजधानी केली. माझ्या वर्गातल्या मुलांना जे लंडन बघायचंय ना, तिथला टॉवर नावाचा किल्ला विल्यम राजानं बांधायला घेतला तो यापूर्वी साधारण शंभर वर्षं. म्हणजे आपली राजधानी काही फार धाकटी नाही! ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा इथं रामचंद्र यादव, म्हणजे रामदेवराव, राज्य करत होता. त्याचं नाव ज्ञानेश्वरीत आलेलं आहे.

पुढे १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीनं अचानक हल्ला केला. रामदेवराव किल्ल्यात शिरला. धान्य म्हणून घाईघाईनं पोती वर चढवली होती. असं सांगतात, की उघडून बघतात तर पोत्यांत मीठ! किल्ला अभेद्य, पण खाणार काय? शरण जावं लागलं. ही गोष्ट धाकट्याच्या इतकी मनात बसली, की त्या दिवसापासून स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडून "हे मीठ तर नाही ना?" म्हणून बघायचा.

मग महंमद तुघलक. यानं १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानीच इकडे हलवली आणि देवगिरीचं दौलताबाद केलं. हजार किलोमीटरहून जास्त अंतर! सरदार, अधिकारी, विद्वान, त्यांची बायकामुलं, सगळे निघाले. वाटेत हाल झाले आणि काही वर्षांनी परत दिल्ली. आमच्या घरात कुणी बेत बदलायला लागलं, की बाकीचे ओरडायचे, "तुघलक! तुघलक!"

त्याच शतकात मोरोक्को देशातल्या टँजिअर गावचा प्रवासी इब्न बतूता इथं आला होता. इथल्या तळघरात कैदी ठेवत आणि तिथले उंदीर मांजरापेक्षा मोठे होते, अशी एका कैद्याची हकीकत त्यानं लिहून ठेवली आहे. हे मी जरा उगाचच सांगितलं. थोरलीचा चेहरा पडला.

एक गोष्ट मात्र सांगताना माझाच आवाज खाली आला. सिंदखेडराजा आपल्या जालन्याहून किती जवळ! तिथला जिजाऊंचा वाडा जालन्याच्या पुष्कळ मुलांनी पाहिलेला असतो. जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव, त्यांना १६२९ मध्ये निजामशहाच्या दरबारात मुलांसह दग्यानं मारलं, ते याच देवगिरीवर. त्यांची समाधी सिंदखेडराजाला आहे. आपण समाधी पाहतो, पण ते घडलं कुठं हे पाहायला जात नाही. शिवाजीराजांचा जन्म व्हायला तेव्हा वर्षसुद्धा उरलं नव्हतं. म्हणजे बातमी पोचली असेल तेव्हा जिजाऊ... असो. आई डोळे पुसत होत्या, म्हणून मी विषय बदलला.

रविवारी पहाटेच्या बसनं निघालो. कुंडलिकेवरून गार वारा येत होता. बदनापूर, करमाड, चिकलठाणा करत संभाजीनगरला आलो. तिथून दुसरी एसटी पकडली आणि थेट किल्ल्याच्या दारात उतरलो. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकड्या आणि पाण्याच्या पाच बाटल्या. धाकट्यानं निघण्यापूर्वी सगळी पिशवी तपासली होती.

आई सावकाश, काठी टेकत, दर तोफेपाशी थांबत भारतमाता मंदिरापर्यंत आल्या. हे मंदिर म्हणजे १३१८ मध्ये खलजींच्या काळात बांधलेली मशीद. तिचे शंभराहून जास्त खांब बघितलेत तर बरेचसे त्याहूनही जुन्या देवळांचे आहेत. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, त्या वर्षी इथं भारतमातेची मूर्ती बसवली. एकाच ओट्यावर सगळा इतिहास शेजारी शेजारी बसलेला! आई तिथं सावलीत टेकल्या, मी त्यांच्याजवळ थांबले. पदराच्या गाठीतून त्यांनी तुळशीची चार पानं काढली. थोरलीनं ती वहीत ठेवली आणि बाबांचा हात धरून निघाली. धाकटा पुढे पळतच.

वर काय काय झालं ते मला नंतर कळलं. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह याला औरंगजेबानं कैदेत ठेवलं होतं. (लंडनच्या त्या टॉवरमध्ये आता कोहिनूर हिरा ठेवलाय ना, तो गोवळकोंड्याकडच्या खाणीतलाच मानतात. हिरा तिकडे आणि राजा इकडे!) जवळच बुरुजावर मेंढा तोफ, मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं. मग खंदक. हा खणलेला नाही, अख्ख्या खडकात कोरलेला. डोंगराचा कडाही छिन्नीनं तासून भिंतीसारखा सरळ केलेला, म्हणजे घोरपडीलाही चढता येऊ नये. पूल ओलांडला की अंधेरी. डोंगराच्या पोटातला वळणावळणाचा, काळाकुट्ट, चढता रस्ता. शत्रू आत शिरला की चुकावा, एकमेकांवरच तलवारी चालवाव्यात, आणि तरी वर आलाच तर तोंडाशी लोखंडी झाकणावर विस्तव पेटवून धुरानं कोंडावा, अशी योजना. आता तिथं वटवाघळांचा वास असतो. टॉर्च असली तरी पायरी नीट दिसत नाही.

मी खाली बसून घड्याळ बघत होते. तास झाला, दीड तास झाला. आई डोळे मिटून अभंग गुणगुणत होत्या. दोन तासांनी तिघं परत आले, घामाघूम, केसांत धूळ.

"ठेवली का गं तुळस?" आईंचा पहिला प्रश्न.

थोरलीनं मान हलवली. "चारातली तीनच ठेवली. एक तुझ्यासाठी परत आणली. तिथं टेकवून." तिनं वही उघडून पान आईंच्या हातावर ठेवलं. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग मी विचारलं, "अंधेरीत भीती वाटली का?"

"वाटली. पण बाबांना जास्त वाटली. टॉर्च त्यांच्याकडे होती आणि ते मलाच पुढे हो म्हणत होते."

बाबा म्हणाले, आता जेवून घेऊ. मी दशम्या सोडल्या, चटणी काढली, काकड्या चिरल्या आणि पिशवीत हात घातला. पुडी नाही! पुन्हा चाचपली. मीठच आणलं नव्हतं. धाकटा एवढा हसला की त्याला उचकी लागली. पोती उघडून उघडून त्यानं खात्री केली होती ना!

परतीच्या बसमध्ये थोरलीनं वहीचं नवं पान काढलं. पैठण हीसुद्धा जुनी राजधानीच, सातवाहनांची. तेव्हा तिचं नाव प्रतिष्ठान होतं. शिवाय तिथं एकनाथांचा वाडा आहे आणि चढायला डोंगर नाही. "आजी, काय काय न्यायचं सांग," ती पेन्सिल धरून म्हणाली.

आई खिडकीतून मागे पडत चाललेला डोंगर बघत होत्या. म्हणाल्या, "आधी मीठ लिही."