थरथर

माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी परदेशी गेला, तेव्हा त्याने आपली जुनी, दोन आसनांची स्पोर्ट्स कार माझ्या स्वाधीन केली. जमिनीलगत बसलेली, मोठ्या रिमची आणि पातळ टायरांची ती गाडी प्राध्यापिकेला शोभणारी नव्हती. परंतु भावाचा जीव तिच्यात गुंतलेला होता, म्हणून मी ती चालवीत राहिले. वर्षभराने पुणे-सातारा मार्गावर एक गोष्ट ध्यानात आली. वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास गेला, की स्टिअरिंग हातात कापू लागे.

मी एका गॅरेजमध्ये जाऊन ‘गाडी कापते’ एवढेच सांगितले. तेथे चाकांचे अलाइनमेंट झाले. कंप तसाच राहिला. दुसऱ्या गॅरेजमध्ये मी तेच वाक्य उच्चारले. तेथे बॅलन्सिंग झाले. थरथर थोडी कमी झाली, पण थांबली नाही. पुढे मी तिची सवयच करून घेतली. त्या काळात शेजारच्या आसनावर अनेकदा माझी ऐंशी वर्षांची आई बसलेली असे.

एकदा साताऱ्याच्या वाटेवर एका लहानशा गॅरेजपाशी थांबले. तेथील वयस्क मिस्त्रींना मी माझे ठरलेले वाक्य ऐकवले. त्यांनी पान्ह्याला हात लावला नाही. त्यांनी विचारले, “मॅडम, कापते म्हणजे नक्की काय होतं? थरथर हाताला लागते का सीटला?”

मी म्हणाले, “हाताला.”

“मग आधी पुढची चाकं बघायची. सीटला लागली असती, तर मागची. ब्रेक दाबल्यावर वाढते?”

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते शेजारी बसले आणि मला गाडी चालवायला लावली. ब्रेक दाबल्यावर थरथर वाढली नाही. म्हणजे ब्रेकच्या डिस्कवरचा संशय फिटला. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी ती थांबली नाही. म्हणजे इंजिनाची ओढ चाकांपर्यंत नेणाऱ्या सांध्यांचाही दोष नसावा. शंभराच्या पुढे मात्र ती विरली. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. चाकाचा परीघ सुमारे २ मीटर धरला, तर चाक सेकंदाला बारा-तेरा फेरे घेते. चाकाचा दोष प्रत्येक फेऱ्याला एक धक्का देतो. आणि धक्क्यांची ही गती गाडीच्या अंगभूत कंपनगतीशी जुळली, की थरथर हातापर्यंत पोहोचते.

परतल्यावर त्यांनी पुढची बाजू जॅकवर उचलली. चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवले. बेअरिंग आणि स्टिअरिंगचे सांधे घट्ट होते. मग रिमच्या कडेजवळ स्क्रूड्रायव्हरचे टोक स्थिर धरून त्यांनी चाक हाताने फिरवले. टोक आणि कडा यांतील फट कमीजास्त होत होती. रिम आतल्या बाजूने वाकली होती. पातळ टायर खड्ड्याचा आघात झेलू शकत नाही. तो थेट रिमवर जातो. “वजनं लावून चाकाचा तोल साधतो, गोलाई येत नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी माझा हात धरल्यासारखा करून टायरच्या आतल्या भिंतीकडे नेला. तेथे लिंबाएवढा फुगवटा होता. आतले धागे तुटले होते. भरधाव वेगात तो टायर केव्हाही फुटला असता. मला आईचे आसन आठवले आणि या वेळी माझेच हात थरथरले.

रिम आणि टायर बदलल्यावर गाडी शांत झाली. मी मात्र अस्वस्थ राहिले. वर्गात मी शिकवते, की ‘काळ’ आणि ‘गाळ’ या शब्दांत बाकी सारे कायम ठेवून एकच ध्वनी बदलला, की त्या ध्वनीचे कार्य कळते. मिस्त्रींनी नेमके तेच केले होते: बाकी सारे तसेच ठेवून एकेक गोष्ट बदलून पाहिली. मी मात्र ‘कापते’ या एका क्रियापदावर थांबले होते. केव्हा, कोठे, कशाने वाढते, कशाने विरते, हे मी स्वतःलाही विचारले नव्हते. आधीच्या गॅरेजांना दोष देताना मला हे विसरता येत नाही, की त्यांना मी दिलेले वर्णनच अपुरे होते.

त्या आठवड्यात विद्यार्थ्यांचे स्वाध्याय तपासत होते. एका वहीवर सवयीने ‘भाषा सदोष’ असा शेरा लिहिला आणि लेखणी थांबली. हेही ‘गाडी कापते’ यासारखेच वाक्य होते. मी तो शेरा खोडला, वही पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. त्या विद्यार्थ्याची लहान वाक्ये निर्दोष होती. वाक्य लांबले, की कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ सुटत होता. एवढेच, ते जेथे घडत होते त्या ओळींसमोर, मी लिहिले.