शरणपूरचे धर्मपिते

ग्रीक लग्नात वधूवरांच्या डोक्यांवरच्या मुकुटांची अदलाबदल करतो तो कुंबारोस. पुढे त्या जोडप्याच्या मुलाचा धर्मपिताही बहुधा तोच होतो आणि दोन्ही घरे एकमेकांना नातलग मानतात. मराठी मांडवात वधूला बोहल्यावर आणणारा मामा जन्माच्या नात्याचा. कुंबारोस मात्र निवडलेला. जिवलग मित्रालाही ग्रीक लोक याच नावाने हाक मारतात.

नाशिकमध्ये ग्रीक खूण पाहायची तर मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. १७व्या लेण्यातला प्राकृत लेख उत्तरेकडच्या दात्तामित्रीहून आलेल्या योनक, म्हणजे ग्रीक (यवन), इंद्राग्निदत्ताचा आहे. धर्मदेवाच्या या मुलाने आईवडिलांसाठी, आपला मुलगा धर्मरक्षित याच्यासह, लेणे कोरवून भिक्षुसंघाला दिले. दाता यवन, पण तिन्ही पिढ्यांची नावे इथलीच! अर्थात कुंबारोसाची रीत ख्रिस्ती बाप्तिस्म्यातून वाढलेली, त्यामुळे तिचा माग या डोंगरावर लागत नाही. तो शहरात, शरणपूरला लागतो.

आज शरणपूर रोड दुकाने आणि दवाखान्यांनी गजबजलेला आहे. १८५४च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी इथे ख्रिस्ती वसाहत उभारली. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही इथे आणली जात. त्यांना अक्षरओळख आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवत. आईबाप, गाव, कूळ सगळे तुटलेल्या या मुलांना बाप्तिस्म्याबरोबर नवे नाव मिळे. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाप्रमाणे मुलग्याला दोन धर्मपिते व एक धर्ममाता लागते, मुलीला दोन धर्ममाता व एक धर्मपिता. जाणत्या वयात बाप्तिस्मा घेणाऱ्यासोबतही साक्षीदार उभे राहतात आणि घेतलेल्या शपथेची आठवण देणे हे त्यांचे कर्तव्य ठरते. घरदार असलेल्या मुलाला धर्मपिता हे जास्तीचे नाते. शरणपूरच्या पोरक्या मुलाला ते कदाचित पहिलेच असेल.

या मुलांपैकी जेकब वेनराइट आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीला गेलेल्या तुकडीत होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनचे हृदय आफ्रिकेत पुरले गेले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्यानेच वाचली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनची शवपेटी वाहणाऱ्यांतही तो होता. पुढे १८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसवले. नाशिकला वाढलेले अनेकजण तिथे शिक्षक, धर्मोपदेशक आणि कारागीर म्हणून राहिले. जन्माने आफ्रिकेचे असूनही तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.