आधी बेणे, मग तराफे

जालन्यातल्या मस्तगडापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. पण १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे हे शहर बियाण्यावरच वाढले. त्या धंद्यातल्या माणसाने कोकणातल्या समुद्री शेवाळाच्या शेतीकडे पाहिले, की आधी डोळ्यांत भरते ती बेण्याची उणीव. आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत लागणारे कॅरागीनन ज्यातून निघते, त्या कप्पाफायकसची लागवड बी पेरून होत नाही. फांद्यांचे तुकडे दोरीला बांधून तराफा पाण्यात सोडतात, सुमारे ४५ दिवसांनी पीक काढतात आणि त्यातलेच काही तुकडे पुन्हा बांधतात. म्हणजे वर्षानुवर्षे वाढते ते एकच झाड. वाण एकच असला, की संकटही सगळ्यांवर एकदमच येते. तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर २०१३ नंतर पाणी तापून पीक मोठ्या प्रमाणावर मेले आणि उत्पादन कोसळले, ते यामुळेच इतके झोंबले. कोकणात तर पावसाळ्याची भर आहे. खवळलेल्या समुद्रात तराफे टिकत नाहीत, खाडीच्या तोंडाशी पाणी गोडे होते, त्यामुळे जूनआधी सगळे काढावेच लागते. मग ऑक्टोबरमध्ये बांधायचे काय? दरवर्षी दूरवरून बेणे आणायचे, तर प्रवासातच ते कोमेजते.

अडचण बाजारभावाची आहे, असे कोणी म्हणेल. भाव हवाच, पण ज्या गटाकडे हंगामाच्या सुरुवातीला बेणेच नाही, त्याला भाव काय कामाचा? २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत तराफे आणि दोऱ्यांना अनुदान आहे. तेवढीच निकड किनाऱ्यावरच्या टाक्यांत पावसाळाभर बेणे जगवण्याची आहे. उसाला आपण बेणेमळा ठेवतो आणि तीन-चार वर्षांनी बेणे बदलतो, तशीच शिस्त इथे हवी. महिलांच्या एका बचत गटाला टाक्यांचा खर्च झेपणार नाही हे खरे, म्हणून त्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या असाव्यात आणि चार-पाच गावांनी वापराव्यात.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. कप्पाफायकस परका आहे आणि मन्नारच्या आखातात तो प्रवाळांवर पसरल्याची नोंद आहे. मालवणला प्रवाळ आहेत, १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. तिथे तो नकोच. ग्रासिलारियासारख्या देशी जाती निवडाव्यात. पण त्यांचेही चांगले वाण शोधून जपावे लागतील. मत्स्य विभागाने पुढचा तराफा मंजूर करण्याआधी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात प्रत्येकी एक बेणेकेंद्र उभारावे.