ठिपक्यांची रांगोळी

नवी वस्तू घ्यावी असे एकदा मनात आले, की जुन्या वस्तूचे दोष फार लवकर दिसू लागतात. माझेही तसेच झाले. माझा जुना फोन सहा वर्षे इमानेइतबारे माझ्या खिशात राबला होता. त्याच्या पाठीवरचा रंग उडाला होता आणि एका कोपऱ्याचा टवकाही गेला होता. पण त्याचे मला कधी काही वाटले नव्हते. पुढे त्याची बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना, आणि मग तो मला एकाएकी लहान, जुनाट आणि केविलवाणा वाटू लागला. नवा फोन घ्यायचा, असे मी ठरविले.

दुकानात फोनांची नुसती आरास मांडली होती. कोणाच्या पडद्यावर निळाशार समुद्र उसळत होता, तर कोणाच्या पडद्यावर रंगीबेरंगी पक्षी पंख पसरून उडत होते. दुकानदाराने त्यांतला एक फोन अलगद माझ्या तळहातावर ठेवला आणि तो म्हणाला, "साहेब, साडेसहा इंची स्क्रीन आहे!" माझ्या जुन्या फोनचा पडदा अवघा पाच इंची. हा ऐसपैस पडदा पाहून माझे मन हरखून गेले. किंमतही आवाक्यातली होती. अधिक चौकशी न करता मी पैसे मोजले आणि विजयी वीरासारखा घरी आलो.

रात्री जेवणे आटोपल्यावर मी अंथरुणावर पडून नव्या फोनवर एक पुस्तक वाचावयास घेतले. माझी दृष्टी अधू आहे. दूरचे मला चष्म्यावाचून दिसत नाही. पण जवळचे मात्र चष्मा काढूनच अधिक स्पष्ट दिसते. त्यामुळे फोन अगदी नाकाशी धरून वाचण्याची मला सवय लागली आहे. दोन ओळी वाचल्या आणि मी थबकलो. अक्षरांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. वेलांट्यांचा गोलवा नाहीसा झाला होता आणि जोडाक्षरे तर एकमेकांत गुरफटून गेली होती. मी डोळे चोळले, पडदा पुसला. पण फरक पडला नाही. अखेरीस उठून मी जुना फोन आणला आणि तेच पान त्याच्यावर उघडून दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले. त्या म्हाताऱ्याच्या पडद्यावर प्रत्येक अक्षर बोरूने लिहिल्यासारखे रेखीव उठले होते! त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. आपण कष्टाचे पैसे देऊन जुन्याहून वाईट वस्तू घरी आणली, हा विचार मनाला टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन तक्रार केली. दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, फोन वापरायला काढल्यावर परत घेता येत नाही. आणि हे सगळे खोक्यावर छापलेले होते की!" मी खोके पाहिले. खरोखरच, एका बाजूला बारीक अक्षरांत दोन आकडे छापलेले होते. मी ते वाचलेच नव्हते!

घरी येऊन मी ते आकडे कागदावर मांडले. फोनच्या पडद्यावरील चित्र असंख्य बारीक ठिपक्यांनी बनलेले असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. माझ्या जुन्या पडद्यावर लांबीच्या दिशेने १९२० आणि रुंदीच्या दिशेने १०८० ठिपके होते. म्हणजे एकूण २०,७३,६००. नव्या पडद्यावर होते १६०० आणि ७२०; म्हणजे अवघे ११,५२,०००. पडदा मोठा झाला होता, पण त्यावरचे ठिपके मात्र निम्म्याच्या आसपास आले होते. जुन्या पडद्यावर एका इंचाच्या लांबीत सुमारे ४४० ठिपके दाटीने बसत. नव्यावर ते सुमारे २७० होते. ठिपके विरळ झाल्यावर अक्षरांच्या कडा दातेरी दिसणारच. दुकानातल्या त्या समुद्राने आणि पक्ष्यांनी मला कसे भुलविले, तेही आता उमगले. हलत्या, रंगीत चित्रात हा विरळपणा सहसा डोळ्यांत भरत नाही. तो पांढऱ्या पानावरच्या काळ्या अक्षरात उघडा पडतो. आणि मी तर फोन घेतला होता तो मुख्यतः वाचण्यासाठी!

माझी भाची शेजारी बसून हा हिशेब पाहत होती. ती म्हणाली, "मामा, पडद्यावर पाण्याचा अगदी छोटा थेंब ठेवून बघ ना." तिने बोटाच्या टोकाने एक थेंब पांढऱ्या पानावर ठेवला आणि आम्ही वाकून पाहू लागलो. थेंबाचा पृष्ठभाग फुगीर असल्यामुळे तो भिंगासारखे काम करीत होता. त्यातून पाहतो तो काय, पांढरा रंग कोठेच नव्हता! होत्या त्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या चिमुकल्या पट्ट्या. पडद्याच्या मागे दिवा असतो. प्रत्येक ठिपक्याला या तीन रंगांचे तीन झरोके असतात आणि ते कमीअधिक उघडून सारे रंग साधले जातात. तिन्ही झरोके पूर्ण उघडले, की आपल्या डोळ्यांना पांढरा रंग दिसतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६१ साली लंडन येथे याच तीन रंगांची तीन चित्रे पडद्यावर एकावर एक पाडून एका फितीचे रंगीत चित्र लोकांना दाखविले होते. तेच तत्त्व आज आपल्या खिशात नांदते आहे. थेंब पुसताना माझा राग थोडा निवळला. पण निराशा काही गेली नाही.

त्यानंतर आठवडाभरातच गावाहून आई आली. तिला वर्तमानपत्रातील बारीक अक्षरे आताशा वाचवत नाहीत. मी नव्या फोनवरची अक्षरे मोठी करून तिच्या हाती दिली. तिने हात लांब करून फोन दूर धरला आणि ती भराभर वाचू लागली. वाचता वाचता तिचा चेहरा उजळला. "किती छान दिसतंय रे!" ती म्हणाली.

मला राहवले नाही. मी तिला पडद्याचे सारे दोष सांगितले. विरळ ठिपके, कुरतडलेल्या कडा, माझी झालेली फसगत, सारे काही. तिने डोळे बारीक करून पडद्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "कुठे आहेत ठिपके?" मग हसून म्हणाली, "लहानपणी मी अंगणात रांगोळी काढायची, तेव्हा तू असाच ओणवा होऊन तिला नाक लावायचास आणि म्हणायचास, आई, हे नुसते ठिपकेच आहेत! अरे, रांगोळी उभं राहून पाहायची असते."

मला ते अंगण आठवले. उदबत्तीने भोके पाडलेला तो कागद गेरूच्या सारवणावर ठेवून आई ठिपके उमटवी आणि मग ते रेघांनी जोडी. दोन पावले मागे सरले, की ठिपके मावळत आणि कमळ उमललेले दिसे.

आईचे म्हणणे शास्त्रालाही धरून होते. वय वाढले, की डोळ्यातील भिंग ताठर होते, जवळचे नीट दिसत नाही आणि माणूस वाचावयाची वस्तू दूर धरू लागतो. एक फूट अंतरावरून पाहताना, दोन ठिपक्यांत मिलिमीटरच्या सुमारे एक-दशांशाहून कमी अंतर असेल, तर निरोगी डोळ्यालाही ते वेगळे दिसत नाहीत. नव्या पडद्यावरील ठिपक्यांत जवळजवळ तेवढेच अंतर होते. ते मला दिसत, कारण मी फोन अर्ध्या फुटावर धरीत असे. आई तो दोन फुटांवर धरी, आणि तिच्यापुरते ते ठिपके नव्हतेच! पडद्यातला दोष खोटा नव्हता. पण तो माझ्या डोळ्यांसाठी दोष होता, तिच्या डोळ्यांसाठी नव्हे.

आई गावी परत निघाली, तेव्हा नवा फोन मी तिच्याच पिशवीत घातला. जुन्या फोनला नवी बॅटरी बसवून घेतली. तिला नव्या फोनच्या मानाने फारच थोडे पैसे पडले. हा साधा उपाय मला आधी का सुचला नाही, याचे आजही नवल वाटते. आता कोणतीही वस्तू घेताना मी खोक्यावरची बारीक अक्षरे आधी वाचतो, आणि ती वस्तू कोण, कशासाठी वापरणार आहे, हे स्वतःला विचारतो.

यंदाच्या दिवाळीत आईने त्याच फोनने अंगणातल्या रांगोळीचे छायाचित्र काढून मला पाठविले. सवयीप्रमाणे मी फोन नाकाशी नेला. मग हसू आले, चष्मा चढविला आणि हात लांब केला.