चाल मंदावली तर

मधुमेह म्हटला की आपल्याला साखरच आठवते. पण हा रोग रक्तवाहिन्यांचाही आहे, हे आम्हाला आईमुळे कळले.

आई बारा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेते आहे. बाजाराची पिशवी घेऊन तीन मजले चढणारी आई दुसऱ्याच मजल्यावर कठडा धरून थांबू लागली. शेजारी म्हणाले, वय झाले. डॉक्टरांनी मात्र मानेची सोनोग्राफी केली. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीची भिंत ०.९ मिलिमीटरपेक्षा जाड निघाली.

रक्तात वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली, की धमन्या जाड व कडक होतात. मानेत होते तेच पायांतही होऊ शकते. स्नायूंना रक्त कमी पडते. चालताना पोटऱ्या दुखतात, थांबले की बरे वाटते.

तेव्हा घरातले माणूस हळू चालू लागले तर त्याला आळशी म्हणू नये. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. विडी, तंबाखू, मिश्री सोडावी. डॉक्टरांना विचारून आठवड्यात १५० मिनिटे चालावे.

आता आम्ही भावंडे पाळीपाळीने आईबरोबर चालतो. वाचकहो, गोळ्या दुकानात मिळतात. सोबत घरच्यांनीच द्यायची असते.