हाकेला परतणे

साताऱ्याच्या माणदेशापासून सांगलीच्या जतपर्यंत कारवान जातीची सडपातळ कुत्री दिसतात. त्यांच्याच वंशातील मुधोळ कुत्र्यावर २००५ साली टपाल तिकीट निघाले. हे कुत्रे नजरेने सावज हेरते. एकदा धावू लागले की हाक त्याच्या कानी पडत नाही. म्हणून शर्यतीची हौस असलेल्या धर्मग्रामातील तरुणांना मी सांगतो : आधी परतणे शिकवा. अंगणात, लांब दोर बांधून, पाचच मिनिटे नावाने बोलवा. आले की तत्क्षणी भाकरीचा तुकडा द्या. उशिरा आले तरी मारू नका. मार खाल्लेले जनावर हाकेलाच भिते.

तोबियाच्या प्रवासात कुत्रेही सोबत होते, असे तोबिताच्या ग्रंथात आहे. आपली मुलेही दूर धावतात. घरची हाक त्यांना धाकाची वाटते की मायेची, यावरच त्यांचे परतणे अवलंबून असते.