हात लागणारी माय

आमच्या मानोरा तालुक्यात देवीला नाक-डोळे असावेच लागतात असं नाही. शिवेवर, विहिरीच्या काठावर, कडुलिंबाच्या बुडाशी शेंदूर माखलेला दगड असतो आणि गाव त्याला माय म्हणतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून मी इथे आले तेव्हा मला ठाऊक असलेली देवी मूर्तीतली होती. सिंहावर बसलेली, शस्त्रं धारण केलेली, गाभाऱ्यात दूर. रांगेत उभं राहायचं, डोळे भरून बघायचं आणि पुढे सरकायचं. देवीला हात लावायला मला इथल्या बायकांनी शिकवलं.

आमच्या गावची मातामाय जेमतेम गुडघ्याएवढी. सणावाराच्या आधी तिला नवा शेंदूर लागतो. पहिल्या वर्षी शेजारच्या आजी मला सोबत घेऊन गेल्या. दगड धुऊन फडक्याने कोरडा केला. वाटीत शेंदूर तेलात कालवला. तो फार पातळ झाला तर ओघळतो, घट्ट झाला तर वाळल्यावर तडकतो, म्हणून आजी थेंबाथेंबाने तेल घालत होत्या. मी बोटाच्या टोकाने अलगद लावायला लागले तशा त्या म्हणाल्या, "बाई, मायले असं भेत भेत लावतात काय? चांगला हात फिरवा." मी पूर्ण तळवा टेकवला. उन्हाने दगड कोमट झाला होता. माथ्यावर फुगवटा, डाव्या अंगाला खळगा, खाली जमिनीत गेलेलं रुंद बूड. डोळ्यांनी कधी टिपलं नव्हतं ते सगळं हाताला कळलं. शेवटी चांदीचे डोळे मेणाने बसवले आणि आजींनी आधी स्वतः हात स्वच्छ धुतले, मग मला धुवायला लावले. शेंदूर हे शिशाचं संयुग. त्या हाताने घास घ्यायचा नाही, हे त्यांना रसायनशास्त्र न शिकताही पक्कं माहीत होतं.

एका पावसाळ्यात त्या शेंदराचं जाड कवच एका बाजूने निखळलं. त्याच्या कडेला पापुद्रे मोजता येतील इतके स्पष्ट दिसत होते. कुठे गडद, कुठे फिकट, मध्येच तेलाचा काळपट थर. किती सासुरवाशिणींनी, किती आयांनी लावलेले हे हात! आणि त्या सगळ्यांच्या खाली साधा काळा बसाल्ट.

हा दगड इथलाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचाच हा तुकडा. बसाल्टला थंड होताना भेगा पडतात, भेगांतून पाणी मुरतं, कोपरे आधी झिजतात आणि आत गोलसर गाभा उरतो. म्हणून आमच्याकडे नांगराच्या फाळाला असे गरगरीत धोंडे लागतात. मी हे वर्गात शिकवते. एका मुलीने विचारलं, "मग माय लाव्हातून आली का?" मी तिला म्हटलं, दगड लाव्हातून आला, माय आपण तिला हाक मारली तेव्हा आली. आजही मला याहून चांगलं उत्तर सुचत नाही.

माहूरला गेले तेव्हा हाच विचार मनात होता. रेणुकामातेचा तिथला तांदळा, म्हणजे देवी म्हणून पुजला जाणारा दगड, फक्त मुखाचा, खाली धड नाही. परशुरामाने आईसाठी आकांत मांडला, ती धरती दुभंगून वर येऊ लागली, पण धीर न धरवल्याने त्याने मागे वळून पाहिलं आणि माय तेवढीच वर आली, अशी कथा सांगतात. जमिनीतून वर येणारी देवी ही कल्पना आमच्या शिवेवरच्या दगडाने मला आधीच समजावली होती. पुढे वाचनात आलं की जम्मूच्या वैष्णोदेवीला गुहेत तीन पिंडी आहेत आणि गुवाहाटीच्या कामाख्येत मूर्तीच नाही, झऱ्याने ओली राहणारी खडकातली खाच पुजतात. आमची मातामाय एवढ्या मोठ्या गोतावळ्यातली आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.

पण मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते तांड्याने. पोहरादेवी, संत सेवालाल महाराजांचं समाधिस्थान, याच तालुक्यात. आजूबाजूला बंजारा तांडे आहेत. माझ्या सहशिक्षिकेने आषाढात शितळा समनक या त्यांच्या सणाला बोलावलं. तांड्याबाहेर झाडाखाली सात दगड ओळीने मांडलेले होते. त्या सात भवानी. त्यांच्यासमोर लुंकड्या नावाच्या दैवताचा एक दगड. गुळाच्या लापशीचा नैवेद्य, बायकांची गाणी आणि गुराढोरांना, लेकरांना रोगराईपासून सांभाळ म्हणून मागणं. सहशिक्षिकेच्या आईने, तिच्या याडीने, माझा हात धरून मला ओळीतल्या प्रत्येक दगडाला कुंकू लावायला लावलं. एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरणाऱ्या या समाजाला जड मूर्ती वागवणं कसं परवडलं असतं? मुक्कामाला सात दगड मिळाले की माय सोबत असे. इतिहासकार दामोदर कोसंबींनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या 1962 च्या ग्रंथात पुणे परिसरातल्या अशाच देवींच्या ठाण्यांजवळ सापडलेल्या अश्मयुगीन हत्यारांविषयी आणि जुन्या वाटांविषयी लिहिलं आहे. तांड्यातली ती ओळ पाहिल्यावर ते पान मला नीट उमगलं.

अलीकडे आमच्या गावात जीर्णोद्धाराची बैठक झाली. संगमरवरी मूर्ती आणायची, दगड मागे भिंतीत घ्यायचा, पुढे जाळी लावायची, असा विचार निघाला. त्यामागची भक्ती खरी होती. तरी मी उभी राहिले. म्हटलं, छप्पर घाला, ओटा बांधा, पावसाचं पाणी जायला वाट करा, पण माय आहे तिथेच राहू द्या आणि तिच्याभोवती जाळी नको. मूर्ती घडवणारा शिल्पकार एकच असतो. ह्या दगडाला मात्र गावातली प्रत्येक बाई दरवर्षी नव्याने घडवते. सुईण, मजूर, सरपंचीण, सगळ्यांचा हात तिथे सारखाच पोचतो. तो हक्क काढून घेतला तर आपल्याकडे सुंदर देऊळ असेल, पण आपली माय आपल्याला परकी होईल.

बायका माझ्या बाजूने बोलल्या आणि ओट्यावर एकमत झालं. ज्या गावांत अजून असा तांदळा उघड्यावर आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: तिला ऊन-पावसापासून जपा, पण माणसांच्या हातांपासून जपू नका.